बॅटरी उतरते, शीणही उतरतो



एक क्रियापद आपल्या बोलण्यात इतकं रुळलंय की ते बाहेरून आलंय हेसुद्धा आता जाणवत नाही. रिचार्ज होणे. "चार दिवस माहेरी जाऊन रिचार्ज होऊन येते." "परीक्षा संपल्या बाई मुलांच्या, आता मला रिचार्ज व्हायलाच हवं." दशलक्षण पर्वाच्या एका पत्रिकेतही वाचलं, की हे दहा दिवस म्हणजे आत्म्याला रिचार्ज करण्याची संधी. तिथे मात्र मी थबकले. माहेराचं ठीक आहे, पण आत्म्याला?

शब्दांच्या मागे लागायची मला जुनी खोड आहे. कोश घेऊन बसले की दुपार कशी जाते कळत नाही. या एका शब्दाने तर माझ्या दोन-तीन दुपारी खाल्ल्या, आणि त्यात जे सापडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात बैलगाडीपासून करायला हवी. लॅटिन भाषेत गाडीला 'कारुस' म्हणत. आपल्या दारात उभी असलेली कार त्याच घराण्यातली. या गाडीत माल भरणे, गाडी लादणे यासाठी उत्तरकालीन लॅटिनमध्ये क्रियापद झालं 'कारिकारे'. जहाजावरच्या मालाला कार्गो म्हणतात तेही यातूनच आलं. फ्रेंच लोकांच्या तोंडी त्याचं रूप बदललं आणि तिथून ते इंग्रजीत 'चार्ज' होऊन आलं. म्हणजे चार्ज करणे याचा मूळ अर्थ ओझं लादणे. आणि रिचार्ज? रिकाम्या झालेल्या गाडीवर पुन्हा ओझं लादणे.

यात विजेचा कुठे पत्ताही नाही. वीज फार उशिरा आली. मध्ये आली बंदूक. बंदुकीत किंवा तोफेत एका वेळी ठासायची जी दारू, तिला चार्ज म्हणू लागले, कारण तेही लादणंच. एक बार उडाला की पुन्हा ठासायचं. पुढे १७४५-४६ च्या सुमारास युरोपात काचेच्या बरणीत वीज साठवता येते असं लक्षात आलं. हॉलंडमधल्या लायडन गावावरून त्या बरणीला लायडन जार हे नाव पडलं. अमेरिकेतले बेंजामिन फ्रँकलिन अशा बरण्या एकापुढे एक जोडून प्रयोग करत होते. बरणीत वीज भरण्याला त्यांनी चार्ज हा शब्द वापरला आणि अशा बरण्यांच्या रांगेला नाव दिलं बॅटरी. बॅटरी म्हणजे तेव्हा तोफांची रांग! सैन्यातला शब्द त्यांनी उचलून बरण्यांना लावला. पाण्याचा थेंबही गाळून घेणाऱ्या आपल्या घरांमध्ये दिवसभर बोलले जाणारे हे दोन शब्द तोफखान्यातून आलेत, हे वाचून मला हसू आलं.

पण रसायनांवर चालणाऱ्या पहिल्या बॅटऱ्या पुन्हा भरता येत नव्हत्या. १८०० साली इटलीच्या व्होल्टा यांनी धातूच्या चकत्यांची जी चळत केली ती संपली की संपली. पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी केली. शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडवलेले. आपल्या इन्व्हर्टरची जी जड बॅटरी असते, जिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं राहून गेलं की घरातले सगळे एकमेकांकडे बघतात, ती याच प्लाँते यांच्या बॅटरीची नात-पणती. मोबाइलमधली लिथियमची बॅटरी अगदी अलीकडची. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि ज्यांच्या संशोधनावर ती उभी आहे त्या तिघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं.

माणूस रिचार्ज होतो असं म्हणायची पद्धत इंग्रजीत पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीनंतर पडली. आधी यंत्र तसं झालं, मग माणसाने स्वतःला त्याची उपमा दिली.

आता आपल्याकडे या. मराठीत चार्ज आला तो विजेच्या तारेवरून आला नाही, कचेरीच्या दारातून आला. चार्ज देणे, चार्ज घेणे. नवे मामलेदार आले, त्यांनी चार्ज घेतला. मग पोलिसांबरोबर लाठीचार्ज आणि कोर्टाबरोबर चार्जशीट. आमच्याकडे थट्टेत अजूनही म्हणतात, "सासूबाईंनी सुनेकडे घराचा चार्ज दिला." ज्यांनी याला मराठी शब्द घडवले त्यांनी शब्दाची नाडी बरोबर पकडली होती असं मला वाटतं. कार्यालयातल्या चार्जला त्यांनी पदभार म्हटलं, कार्यभार म्हटलं. तात्पुरत्या मुख्याध्यापकांना प्रभारी म्हटलं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत प्रभार असतो. सगळीकडे भार! लादलेलं ओझं! आणि लोडशेडिंगला तर सरळ भारनियमन. दोन हजारच्या दशकात गावाकडे कित्येक तास वीज नसायची तेव्हा हा शब्द बायकांच्या तोंडी पाठ झाला होता. दळण कधी टाकायचं, पाणी कधी चढवायचं, सगळं भारनियमनाच्या वेळापत्रकावर. इन्व्हर्टर घराघरांत शिरले ते त्याच काळात.

त्याआधी घरात बॅटरी म्हणजे तीन सेलांची टॉर्च. तिला आपण टॉर्च म्हणतच नव्हतो, बॅटरीच म्हणायचो. "बॅटरी घे गं, परड्यात काळोख आहे." सेल उतरले की आमच्या आजी ते काढून अंगणात उन्हात ठेवायच्या. पापडांशेजारी सेल वाळत पडलेले. उन्हाने ते खरे भरत नसत, पण ऊब लागली की उरलासुरला जीव आणखी दोन-चार रात्री टिकायचा. रिचार्ज हा शब्द घरात यायच्या आधीचं हे आमचं रिचार्ज.

शब्द खऱ्या अर्थाने आला तो मोबाइलबरोबर. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून दिल्लीला झाला, पण आपल्यापर्यंत फोन पोचायला पुढची दहा-बारा वर्षं गेली. आधी येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ मध्ये ते बंद झाले आणि मग बायकांच्या हातात फोन दिसू लागला. दुकानातून कार्ड आणायचं, नाण्याने रुपेरी पट्टी खरवडायची, आकडे दाबायचे. मराठीने या नामाला लगेच आपलं क्रियापद जोडून टाकलं, रिचार्ज मारणे. फेरी मारतो, हाक मारतो, तसा रिचार्ज मारतो. आणि तो मारणारं बहुधा दुसरंच कुणी असे. "अरे, माझ्या फोनात बॅलन्स टाक रे" म्हणून मुलाला चार वेळा आठवण करायची. कितीतरी घरांत बाईचा फोन तिचा, पण तो चालू राहणं दुसऱ्याच्या हातात. त्यात पुन्हा व्हॅलिडिटी. पैसे शिल्लक असले तरी मुदत संपली की फोन मुका.

एवढा इतिहास अंगावर घेऊन हा शब्द आपल्या विश्रांतीला येऊन चिकटला आहे. म्हणून तो वापरताना आपण नकळत काय म्हणतो ते बघा. मी एक साठवण आहे, रोज वापरली जाते, संपते, मला भिंतीला लावून भरा म्हणजे उद्या पुन्हा वापरता येईन. विश्रांतीचा हिशेब उद्याच्या कामाशी. आता मराठीतले आपले शब्द याशेजारी ठेवून पाहिले तर गंमत अशी, की ते नेमके उलट्या दिशेने जातात.

एकच क्रियापद घ्या. उतरणे. बॅटरी उतरली, सेल उतरले, म्हणजे वाईट झालं. शीण उतरला, ताप उतरला, डोक्यावरचं ओझं उतरलं, म्हणजे बरं झालं. यंत्र उतरलं की निकामी होतं आणि माणूस उतरवलं की हलका होतो. भाषेला हा फरक ठाऊक आहे. आपणच हल्ली तो विसरून स्वतःबद्दलही "बॅटरी उतरली माझी" म्हणतो.

विसावणे हा शब्द बघा. संस्कृत विश्राम, प्राकृतातून घासत घासत विसावा झाला. 'श्रम' धातूला 'वि' लागला, श्रमापासून दूर झाला. इथे भरणं नाही, थांबणं आहे. आणि याच श्रम धातूवरून आपला श्रमण शब्द! श्रम करतो तो श्रमण. प्राकृतात त्याचं समण झालं, आणि आपल्या परंपरेत या समणचे तीन अर्थ सांगतात: तपाचे श्रम करणारा, सगळ्यांकडे समभावाने पाहणारा, आणि कषाय शमवणारा. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मनात आलं, विसावा आणि श्रमण एकाच घरातले दोन भाऊ आहेत. एक श्रमांतून बाहेर पडतो, दुसरा श्रम करत करत पलीकडे जातो.

निवणे तर मला सगळ्यात आवडतो. दूध निवू दे, मग विरजण लाव. लेकीला पाहून जीव निवला. डोळे निवले. स्वयंपाकघरातला इतका साधा शब्द, पण त्याचं मूळ संस्कृत 'निर्वा', शांत होणे, विझून गार होणे. ज्यातून निर्वाण आलं तेच. आश्विन अमावास्येला पावापुरीत भगवान महावीरांचं जे झालं आणि ओट्यावर झाकून ठेवलेल्या दुधाचं जे होतं, त्याला भाषेच्या लेखी एकच धातू आहे. लाडू चढवताना हे आठवलं तर हसू नका, मला दरवर्षी आठवतं.

सगळेच शब्द संस्कृतातून आले असंही नाही. ताजेतवाने होणे हे फारसीतलं, ताजा म्हणजे नवा, तवाना म्हणजे सशक्त. आजारातून उठलेल्या माणसाला "आता हुशारी वाटते का?" विचारतात, तो होशही फारसीतून आला, भानावर असणारा तो होशियार. टवटवीत, तरतरी हे आपल्या कानांनी घडवलेले. माझा आक्षेप परक्या शब्दाला नाही हे लक्षात यावं म्हणून एवढं लिहिलं. फारसी शब्द शेकडो वर्षं आपल्या घरात नांदलेत. इंग्रजीही नांदेल.

पुनर्भरण हा शब्दही ऐकला असेल. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर वाढल्या, विहिरी खोल गेल्या, आणि पुढे जमिनीत पाणी परत मुरवायला विहीर पुनर्भरण म्हणू लागले. तेही इंग्रजी रिचार्जचंच भाषांतर, आणि अगदी चोख, कारण भरण आणि भार दोन्ही एकाच 'भृ' धातूचे. विहिरीला हा शब्द शोभतो. तिला खरंच बाहेरून पाणी लागतं. पाऊस पडला नाही तर विहीर काय करणार?

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या शब्दाकडे येते. पारणे.

उपवासानंतर अंगात शक्ती परत येते तिला आपण कधी रिचार्ज म्हटलं नाही, आपल्याकडे शब्द होता. पार म्हणजे पलीकडचा काठ. पार नेणे, पूर्णत्वाला नेणे म्हणजे पारण. ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नेतो ते पारायण, तोही याच पारचा. म्हणजे पारणे या शब्दात खाणं मुळात नाहीच! व्रत पलीकडच्या काठाला लागलं, एवढंच त्यात आहे. आपल्या गुजराती श्वेतांबर मैत्रिणी तर हे क्रियापद म्हणूनच वापरतात. त्या पच्चक्खाण पारतात, सामायिकही पारतात. सामायिक पारताना कुणी काही खात नसतं. सामायिक पूर्ण करून उठायचं, एवढाच अर्थ.

मराठीने मात्र पारण्याला जोडलं फेडणे. पारणं फेडलं. फेडायचं ते कर्ज किंवा नवस. डोळ्यांचं पारणं फिटलं असं म्हणतो तेव्हा डोळे उपाशी होते आणि त्यांचं देणं चुकतं झालं, असा भाव. इथेही बघा, भरण्याऐवजी मोकळं होणं आलं.

पारण्याचा इतिहास आपल्याला तोंडपाठ असतो, तरी तो या नजरेने मी पुन्हा वाचला. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांची कथा आहे. दीक्षेनंतर सहा महिने ते ध्यानात उभे राहिले. मग आहारासाठी निघाले, तर लोकांना मुनींना आहार कसा द्यायचा हेच ठाऊक नव्हतं. त्याआधी कुणी मुनी झालेच नव्हते! लोक आदराने हत्ती-घोडे आणत, रत्नं आणत, कन्या आणत. जेवण कुणी देईना. असे आणखी सहा महिन्यांवर गेले. हस्तिनापुरात राजपुत्र श्रेयांसाला पूर्वभवातलं दान आठवलं, आणि त्याने उसाचा रस दिला. तो दिवस वैशाख शुद्ध तृतीया, आपली अक्षय्य तृतीया. वर्षीतप करणाऱ्या बहिणी आजही त्याच दिवशी उसाच्या रसाने पारणं करतात. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे तर बांधाबांधाला ऊस, आम्हाला ही कथा कधी लांबची वाटलीच नाही.

या कथेत मला दिसतं ते असं. वर्षाहून अधिक काळ अन्न नाही, तरी भगवंत 'उतरले' नव्हते. रसाची गरज शरीराला होती. आणि कथा खरी कुणाची आहे? देणाऱ्याची. आहारदान शिकलं ते जगाने. म्हणून अक्षय्य हे विशेषण त्या तिथीला लागलं ते दानामुळे. चंदनेची कथाही तशीच. कौशांबीत बेड्यांमध्ये बसलेल्या चंदनेने महावीरांना आहार दिला आणि तिच्याच बेड्या तुटल्या. तिच्या हातातलं अन्न कोद्रवांचं की उडदाचं यावर दोन परंपरांचे पाठ वेगळे आहेत, पण मोकळं कोण झालं याबद्दल दोन्हींकडे एकच उत्तर आहे.

स्वयंपाकघरातलंही एक सांगते, कारण ते कामाचं आहे. मोबाइलला हल्ली फास्ट चार्जर मिळतो. पारण्याला तो चालत नाही. अठाईच्या किंवा त्याहून लांब उपवासाच्या पारण्याला आपल्याकडे मुगाचं पाणी, पेज, थोडं कोमट दूध अशी सुरुवात करतात आणि पुढचे काही दिवस जेवण हळूहळू वाढवतात. "जीभ मागेल ते देऊ नका गं," असं घरातल्या मोठ्या बायका दटावतात. यामागे केवळ रीत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी छावण्यांमधून सुटलेल्या उपाशी माणसांना एकदम भरपूर अन्न दिलं गेलं तेव्हा त्यातले काही दगावले, आणि डॉक्टर त्याची कारणं शोधू लागले. रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात त्याला. लांब उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम पिष्ट पदार्थ गेले की रक्तातली फॉस्फेटसारखी द्रव्यं झपाट्याने पेशींत ओढली जातात आणि हृदयावर ताण येतो. म्हणून कुणाच्या मासखमणाच्या पारण्याला जाल तेव्हा ताटभर गोडधोडाचा आग्रह करू नका. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच विचारा. शरीर विहिरीसारखं असतं, मुरायला वेळ लागतो.

शरीराचं हे झालं. पत्रिकेतल्या आत्म्याच्या रिचार्जचं काय?

प्रवचनांतही हल्ली ही उपमा येते, ऐकायला सोपी जाते, तरुण मुलींना पटकन कळते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण उपमा आपल्या सिद्धांताच्या अगदी उलट आहे. बॅटरीत जे असतं ते बाहेरून आलेलं असतं, आणि वापरलं की संपतं. आत्म्याचं काय शिकलो आपण पाठशाळेत? अनंत ज्ञान, अनंत दर्शन, अनंत सुख, अनंत वीर्य. वीर्य म्हणजे शक्ती. ती अनंत आहे आणि आतच आहे. मग आपल्याला थकवा, निरुत्साह, "नकोच आता काही" का वाटतं? त्यालाही नाव आहे, वीर्यांतराय. अंतराय कर्माचे पाच प्रकार, दान, लाभ, भोग, उपभोग आणि वीर्य यांच्या आड येणारे, त्यातला हा पाचवा. शक्ती कमी पडलेली नाही, तिच्या आड काहीतरी आलंय. आड आलेलं दूर करायचं असतं. बाहेरून ओतायला जाल तर आणखी थर चढेल.

तत्त्वार्थसूत्राच्या दहाव्या अध्यायात मुक्त जीव वर का जातो याला लेप गेलेल्या भोपळ्याचा दृष्टांत आहे. ज्ञाताधर्मकथेत तो सविस्तर येतो. सुकलेल्या भोपळ्याला मातीचे आठ लेप दिले की तो पाण्यात तळाला जातो. लेप भिजून एकेक सुटत गेले की तो आपोआप वर येतो. त्याला कुणी वर ओढत नाही, त्याच्यात काही भरत नाही. आता या भोपळ्याशेजारी ती मूळची लादलेली गाडी ठेवा. चार्ज आणि निर्जरा यांच्यात किती अंतर आहे ते दिसेल.

माझ्या एका नात्यातल्या काकूंचं उदाहरण देते. एकत्र घर, सोळा माणसं, दोन वेळचा स्वयंपाक आणि सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची म्हणजे दुपार अशी नसायचीच. त्या रोज सामायिकाला बसत. अठ्ठेचाळीस मिनिटं, दोन घटका. त्या वेळात त्यांना कुणी हाक मारत नसे. सासरे मारत नसत, लहान मूलही कळतं झालं की मारत नसे. काकू दमून बसत असत की नाही मला माहीत नाही, पण उठत तेव्हा त्यांचा चेहरा निवलेला असे. एकदा मी विचारलं, "काकू, बसल्यावर झोप नाही येत?" तर म्हणाल्या, "येते की. पण तेवढा वेळ मी कुणाचीच नसते." हे वाक्य मी कुठल्या शब्दात बसवू? कायोत्सर्ग या शब्दाच्या मात्र ते जवळ जातं. काया उत्सर्ग, देहही खाली ठेवणं. नऊ णमोकार, सत्तावीस श्वास. कुंभोजला बाहुबलींच्या अठ्ठावीस फुटी मूर्तीपुढे उभं राहिलं की वेली चढलेला तो देह किती मोकळा दिसतो.

याउलट आपली एखादी मैत्रीण माहेराहून परत येते, तिला पहिला प्रश्न विचारतात, "काय, झालात का रिचार्ज? आता लागा कामाला." प्रेमानेच विचारतात. पण मग ज्या बाईला यापुढे कामाला लागायचंच नाही, जिचे गुडघे गेलेत, जी ऐंशीची आहे, तिने कशासाठी विश्रांती घ्यायची? आणि जी चार दिवस राहूनही रिचार्ज झालीच नाही, जिचं मन आतून आजारी आहे, ती स्वतःला खराब बॅटरी समजू लागते. अशी एकजण माझ्याशी बोलताना तसं म्हणाली होती, "माझी बॅटरीच बाद झालीय, कितीही लावली तरी भरत नाही." त्या शब्दामुळे तिला डॉक्टरांकडे जायला सहा महिने उशीर झाला असं मी म्हणणार नाही, कारणं पुष्कळ असतात. पण बाद झालेली बॅटरी दुरुस्त करायला कोण नेतं? ती टाकून देतात. शीण म्हटलं असतं तर तो उतरवायला कुणीतरी हात लावला असता.

विसावा हा शब्द मराठीत क्रियेपुरता राहिला नाही, तो जागेचंही नाव झाला. पालखीचा विसावा असतो. तिरडीही मध्ये एका ठिकाणी खाली ठेवतात, तोही विसावाच. दक्षिणेत, तमिळनाडूत, अशा जागेला दगडाचं रूप आहे. तिथल्या जुन्या वाटांवर खांद्याच्या उंचीचे दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवी शिळा दिसते. सुमैतांगी म्हणतात तिला, ओझं पेलणारी. डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या माणसाला तो एकट्याने खाली ठेवता येत नाही आणि ठेवला तर एकट्याने पुन्हा उचलता येत नाही, म्हणून शिळा त्या उंचीची. मान थोडी वाकवली की भारा तिच्यावर सरकतो.

या शिळा पुष्कळदा कुणाच्या स्मरणार्थ उभारत, ते वाचून मी कोश मिटून ठेवला. पोटात बाळ असताना, बाळंत न होताच जी बाई गेली, तिच्या स्मरणार्थ. तिला आपलं ओझं उतरवता आलं नाही, म्हणून तिच्या माणसांनी वाटेवर दगड रोवला, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तरी आपलं त्यावर ठेवावं.